अबोल्याची नुकसानभरपाई

माझी वहिनी माझ्या भावाशी अकरा वर्षं एक अक्षर बोलली नाही, आणि तो गेल्यावर त्याच्या सहवासाची नुकसानभरपाई मागायला कोर्टात उभी राहिली. हे ऐकून ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. कोर्टातही सगळे हसले होते. एक न्यायाधीश तेवढे हसले नाहीत.

वहिनी पडदे शिवते. हॉटेलांचे, दवाखान्यांचे, ऑफिसांचे. खिडकी नुसती बघून कापड किती लागेल ते सांगते आणि मग तरीही टेप लावते, कारण तिचा कुणावरच विश्वास नाही, स्वतःवरसुद्धा. शिवताना तिच्या तोंडात टाचण्या असतात. ओठांत ओळीनं धरलेल्या, डोकी बाहेर. त्यामुळे तिनं अबोला धरलाय हे दादाला सुरुवातीचा आठवडाभर कळलंच नाही. त्याला वाटलं, टाचण्या आहेत.

दादा खुर्च्या दुरुस्त करायचा. ऑफिसातल्या, चाकांच्या, गोल फिरणाऱ्या. साहेब कसा आहे ते त्याला खुर्चीवरून समजायचं. बसायची पुढची कड झिजली असेल तर माणूस घाबरट, पाठ झिजली असेल तर आळशी, आणि हात सैल झाले असतील तर हा दिवसभर उठतो-बसतो, ह्याच्या डोक्यावर आणखी मोठा साहेब आहे. गावभरच्या खुर्च्या नीट केल्या, पण घरातली त्याची स्वतःची डुगडुगायची. तिच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती. पुठ्ठा चपटा झाला की तो दुसरी घडी घालायचा. ह्याला तो दुरुस्ती म्हणायचा.

आणि मी त्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. विचारायला कुणी आलं नाही असं नाही, पण जे आले ते बघून मी नोकरीच बरी म्हटलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. इकडची वायर तिकडे जोडायची आणि कान बंद ठेवायचे, हा माझा पेशा. कान मी कधी बंद ठेवले नाहीत, ते जाऊ द्या. दादा मला 'टेलिफोन' म्हणायचा. मी त्यांच्याकडेच राहायचे, आणि अजूनही तिथंच राहते.

भांडणाचं मूळ एवढंसं होतं. दादा-वहिनीच्या मुलीच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या लग्नात जेवणाच्या टेबलावर व्याही-विहीण समोर बसलेले. विहीणबाई वहिनीला म्हणाल्या, "तुम्ही फारच कमी बोलता हो." वहिनी काही म्हणायच्या आत दादा मोठ्यानं म्हणाला, "आमच्याकडे बोलायचं खातं माझ्याकडे. हिला बोलायला काही सुचतच नाही." सगळे खो खो हसले. वहिनीही हसली. घरी आली, चांगले कपडे घडी करून ठेवले, आणि तिथून पुढे नवऱ्याशी बोलणं बंद.

आठवड्याभरानं दादाच्या डोक्यात प्रकाश पडला. तो मला म्हणाला, "टेलिफोन, तुझ्या वहिनीला सांग, मी गंमत केली होती." वहिनी शेजारीच बसली होती. तिनं टाचण्या काढल्या आणि मला म्हणाली, "तुझ्या भावाला सांग, मलासुद्धा गंमतच वाटतेय."

झालं. लाइन सुरू झाली ती झालीच.

त्यानं एकदा सरळ माफी मागितली असती तर? मागितली असती तर तो माझा भाऊ नसता. आणि वहिनीनं एकदा पड खाल्ली असती तर? ती तर नाकावर माशी बसू देत नाही. मग दोघांच्या मध्ये मी. जेवायला बसलो की एका बाजूला दादाची डुगडुगती खुर्ची, दुसऱ्या बाजूला वहिनी, आणि मध्ये माझं स्टूल. "तुझ्या भावाला सांग, डाव्या डोळ्याला लाली आलीय, डॉक्टरकडे जा." "तुझ्या वहिनीला सांग, डोळा माझा आहे." "तुझ्या भावाला सांग, डोळा त्यांचा असला तरी रात्रभर कण्हणं मला ऐकावं लागतं." हे सगळं एका हाताच्या अंतरावर. मला ताटातला घास तोंडात घालायला फुरसत मिळायची नाही.

मी निरोप जसेच्या तसे देत नसे, हेही सांगते. दादा म्हणायचा, "तिला सांग, कटकट बंद कर." मी म्हणायचे, "वहिनी, दादा दमलाय." नाहीतर त्या घरात भांडी उडाली असती.

बाकी संसार चालू होता. दर सुट्टीच्या दिवशी तो तिच्या कात्र्यांना धार लावून द्यायचा, न सांगता. ती त्याच्या अवजारांच्या पिशवीत त्याचा चष्मा टाकायची, कारण तो विसरायचा. त्याला जमिनीवर बसून काम करावं लागायचं, म्हणून तिनं गुडघ्यांखाली घ्यायला एक जाड गादी शिवली आणि माझ्या हातात दिली. "तुझ्या भावाला सांग, कापड उरलं होतं." कापड उरलेलं नव्हतं. चांगलं नवं कोरं होतं, मी पाहिलं होतं.

तर असा हा माणूस एक दिवस एका इमारतीत खुर्च्या आणायला गेला.

खुर्ची लिफ्टमध्ये नेताना दादा उलटा चालायचा. पुढे ढकलली की तिची चाकं दाराच्या फटीत अडकतात. आपण पाठमोरं आत शिरायचं आणि खुर्ची आपल्याकडे ओढायची, म्हणजे अडकत नाही. त्या दिवशीही त्यानं लिफ्टचं दार ओढलं, पायानं धरलं आणि पाठमोरा आत गेला. आत लिफ्ट नव्हती.

खुर्ची बाहेरच राहिली. तिला ओरखडासुद्धा आला नाही.

लिफ्ट नसताना दार उघडायलाच नको. ते उघडतं हे त्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तर दाराला 'लिफ्ट बंद आहे' अशी पाटी लावली होती. पण त्या दिवशी वरच्या ऑफिसात कुणी मोठे साहेब येणार होते, आणि पाटी बरी दिसत नाही म्हणून ती काढून कुंडीमागे ठेवली होती. मोठे साहेब आलेच नाहीत. हे मला जेव्हा कळलं तेव्हा मी इमारतीच्या मॅनेजरला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आमच्या वकीलबाई तरुण होत्या, हुशार होत्या, आणि त्यांच्या ऑफिसातली पाहुण्यांची खुर्ची करकरायची. वहिनी तिच्यावर बसली, जरा हलली, आणि म्हणाली, "ह्यांनी पाच मिनिटांत नीट केली असती." 

मग वकीलबाईंनी समजावलं. दुसऱ्याच्या हलगर्जीपणानं माणूस गेला की घरच्यांना दावा लावता येतो. तो किती कमवत होता, अजून किती वर्षं कमवत राहिला असता, हे एक. शेवटच्या क्रियाकर्माचा खर्च, हे दुसरं. आणि तिसरं, सहवास. नवऱ्याचा सहवास गेला म्हणून बायकोला, बापाची माया गेली म्हणून मुलीला.

"आणि बहिणीला?" मी विचारलं.

"तुम्ही त्यांच्यावर अवलंबून होता का?"

"मला पेन्शन आहे."

"मग नाही," वकीलबाई म्हणाल्या.

म्हणजे पेन्शन असली की भाऊ गेल्याचं काही वाटत नाही, असा कायदा आहे. असो. मी गप्प बसले, जे मला सहसा जमत नाही.

हलगर्जीपणाचं काम सोपं निघालं. पलीकडच्या, म्हणजे इमारतवाल्यांच्या वकिलांनी, ज्यांचं नाव मी 'गुळगुळीत' ठेवलं होतं, आधी फार आव आणला. माणसानं पुढे बघून चालावं की नको, उलटं चालणं हाच हलगर्जीपणा नव्हे काय, वगैरे. पण वॉचमन बिचारा सरळ माणूस. त्यानं सांगून टाकलं, पाटी मीच काढली, मॅनेजरनं काढायला लावली. न्यायाधीशांनी विचारलं, लिफ्ट नसताना दार उघडलंच कसं? त्यावर गुळगुळीत नुसते कागद चाळत राहिले.

घोड्यानं पेंड खाल्ली ती माझ्या साक्षीत.

वकीलबाईंनी मला उभं केलं ते घर किती सुखाचं होतं हे सांगायला. मी सांगितलं. मग गुळगुळीत उठले आणि साखर पेरत म्हणाले, "आजी, तुमच्या भावात आणि वहिनीत बोलणं व्हायचं ना?"

आजी! माझे केस रंगवलेले आहेत, हे त्याला दिसत नव्हतं?

"व्हायचं की," मी म्हटलं. "रोज."

"समोरासमोर?"

"नाही. माझ्यामार्फत."

"आणि थेट?"

"थेट एक शब्द नाही. भाचीच्या लग्नापासून. कुणालाही विचारा."

कुणालाही विचारायची गरजच उरली नाही. गुळगुळीतांचा चेहरा हरवलेलं पाकीट सापडल्यासारखा झाला. वकीलबाईंनी कपाळावर हात मारला, खराखुरा, आवाज आला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "एवढं सगळं सांगायची काय गरज होती?" मी म्हटलं, "विचारलं तर सांगायचं नाही का? मी उभ्या नोकरीत एक चुकीचा नंबर जोडला नाही."  आणि मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही.

पुढच्या आठवड्यात पलीकडून निरोप आला. कमाईचे पैसे आम्ही ताबडतोब देतो, भांडण मिटवून टाकू. फक्त सहवासाची मागणी मागे घ्या, आणि हे वैवाहिक नातं केवळ नावापुरतं उरलं होतं, एवढं मान्य करून सही द्या.

भाची आली होती. ती म्हणाली, "आई, करून टाक सही. नाहीतर आणखी किती वर्षं खेटे घालशील?"

वहिनी मशीनवर होती. तिनं मशीन थांबवलं. टाचण्या काढल्या. तोंडातून टाचण्या काढल्या की आमच्या घरात सगळे सावध होतात.

"नावापुरतं म्हणजे काय?"

"म्हणजे... कागदावर नवरा-बायको, बाकी काही नाही."

"मग सही नाही."

वकीलबाईंनी फोनवर समजावलं, नाही म्हटलं आणि न्यायाधीशांनी पलीकडच्यांचं ऐकलं, तर निकालातच तसं लिहून येईल, कायमचं. मग त्याच म्हणाल्या, असं करा, अधूनमधून बोलत होतो असं सांगा. चार वाक्यं. कोण बघायला येणार आहे?

"शपथ घेऊन?" वहिनीनं विचारलं.

"हो, म्हणजे... शपथ तर घ्यावीच लागते."

"मग नाही. बोलत नव्हते ते बोलत नव्हते. आणि नावापुरतं नव्हतं ते नव्हतं. मी दोन्ही सांगेन." तिनं टाचण्या परत तोंडात घातल्या, आणि विषय संपला. पैशांचं तिला पडलेलंच नव्हतं. आपण त्याची खरीखुरी बायको नव्हतो असं कुणीतरी सही-शिक्क्यानिशी लिहून ठेवेल, ह्या एका गोष्टीनं तिची झोप उडाली होती. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. पण पलीकडच्या खाटेवर मी असते, मला कूस बदललेली ऐकू येते.

साक्षीच्या दिवशी ती इस्त्रीचे कपडे घालून पिंजऱ्यात उभी राहिली. गुळगुळीत उठले.

"बाई, इतक्या वर्षांत तुम्ही नवऱ्याशी एकदा तरी बोललात?"

"नाही."

"ते आजारी असताना?"

"ताप आला तेव्हा कपाळावर पट्ट्या ठेवल्या. बोलले नाही."

"का?"

"मला बोलायला काही सुचत नाही, असं ते चारचौघांत म्हणाले होते. म्हटलं, नवऱ्याचा शब्द खाली का पडू द्यायचा."

मागच्या बाकांवर हशा झाला. भाचीनं मान खाली घातली.  गेली केस, मी म्हटलं.

"बरं," गुळगुळीत म्हणाले, "तुमच्या नणंदबाई निरोप्याचं काम करायच्या असं म्हणतात. पण त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या महिनाभर दवाखान्यात होत्या. त्या महिन्यात घरात स्मशानशांतता असेल ना?"

"छे," वहिनी म्हणाली. "तिचं स्टूल होतं की."

"काय होतं?"

"स्टूल. ती बसते ते. जेवताना आमच्या मध्येच असतं. ते स्टूलला सांगायचे, मी स्टूलला सांगायचे."

आता अख्खं कोर्ट हसत होतं. शिपाईसुद्धा. गुळगुळीतांनी डोळे पुसले आणि विचारलं, "आणि स्टूल काय करायचं?"

"पोहोचवायचं. जसंच्या तसं. ही मध्ये आपल्या पदरचं काहीबाही घालते."

मी बाकावरून उठलेच. ऑपरेशनचे टाके ओले असताना मी तिकडे पडल्यापडल्या काळजी करत होते, ह्या दोघांचं कसं होत असेल, आणि इकडे माझ्या जागी एक लाकडी स्टूल कामाला लागलं होतं! वर माझ्यापेक्षा बरं! शिपायानं मला खाली बसायला सांगितलं.

"मग बाई," गुळगुळीत म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज बदलला होता, "जो नवरा स्टूलशी बोलत होता, तो गेल्यानं तुम्ही नेमकं गमावलं काय?"

 वकीलबाई हरकत घ्यायला अर्ध्या उठल्या. पण वहिनी गुळगुळीतांना सोडून न्यायाधीशांकडे वळली.

"साहेब, अबोला एकटीला धरता येत नाही. त्याला दुसरं माणूस लागतं. ते संध्याकाळी घरी यायचे, मी बोलायचे नाही, आणि मी बोलत नाहीये हे त्यांना समजायचं. खुर्चीत बसल्याबसल्या समजायचं. आता मी दिवसभर गप्प असते, आणि ते कुणाला कळतसुद्धा नाही."

हसणारे हसायचे थांबले. मी नाक शिंकरलं. शिपायानं पुन्हा माझ्याकडे बघितलं, पण ह्या वेळी काही म्हणाला नाही. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि चष्मा काढून बराच वेळ पुसला.

निकाल लागायला पुढे बरेच दिवस गेले. लागला तेव्हा न्यायाधीशांनी तो सावकाश वाचला, आणि त्यातला एक भाग माझा पाठ झालाय. ह्या पती-पत्नींमध्ये संवाद नव्हता हे म्हणणं पुराव्याला धरून नाही. संवाद होता, तो वळसा घालून जात होता एवढंच. सहवासाची मागणी मंजूर. 'नावापुरतं' हा शब्द निकालात कुठंही नव्हता. वकीलबाईंनी आनंदानं माझाच हात हातात घेतला, आणि गुळगुळीत जाता जाता वहिनीला वाकून नमस्कार करून गेले. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

भाची तिच्या गावी गेली. संध्याकाळी आम्ही दोघी घरी आलो. वहिनीनं कपडे बदलले, मशीनवर बसून एक पडदा पुढे ओढला, ओठांत टाचण्या धरल्या, आणि शिवला मात्र नाही. समोर दादाची खुर्ची होती. पुठ्ठ्यासकट. ती आम्ही कुणीच हलवली नव्हती.

दादा गेल्यापासून वहिनी एकदाही "तुझ्या भावाला सांग" म्हणाली नव्हती. घरात निरोपच उरले नव्हते. त्या संध्याकाळी टाचण्या ओठांच्या कोपऱ्यात सरकवून ती म्हणाली, "तुझ्या भावाला सांग, निकाल लागला. आपल्या बाजूनं."

मी सवयीनं खुर्चीकडे वळले. तोंड उघडलं.  एवढी वर्षं मी काय काय पोहोचवलं होतं, डोळ्याची लाली, कात्रीची धार, कटकट, दमणूक, आणि आता ही दोन वाक्यं तेवढी पोहोचवता येईनात.

"वहिनी," मी म्हटलं, "हे मला नाही जमणार. हे तूच सांग."

"मी नाही बोलत त्यांच्याशी."

"माहितीये. तरी सांग."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की वाटलं, आता माझ्याशीही अबोला धरते. मग तिनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. एकेक करून टाचण्यांच्या उशीला टोचल्या. हात मांडीवर ठेवले. आणि खुर्चीकडे बघून, ज्या आवाजात ती भाचीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीपर्यंत बोलायची त्याच आवाजात, म्हणाली, "अहो."

एवढंच म्हणून थांबली. मला वाटलं, झालं. पण नाही.

"अहो, एकदा मागे बघायला काय झालं होतं तुम्हाला?"

मग जे सुरू झालं ते थांबेना. कात्रीची धार गेलीय. मुलगी वाळलीय. खुर्ची डुगडुगतेय, इतकी वर्षं सांगतेय, सांगतेय, पण माझं ऐकतंय कोण. ती रडत होती आणि रागावत होती, दोन्ही एकदम, आणि खुर्चीला बोलायला तिला सगळं सुचत होतं.

नवरा-बायको बोलत असले की तिसऱ्यानं मध्ये बसू नये, एवढं मला कळतं. मी माझं स्टूल उचललं, बाहेर गॅलरीत नेऊन ठेवलं, त्यावर बसले, आणि दार ओढून घेतलं. खाली रस्त्यावर दुकानं उघडी होती. मग मीसुद्धा रडले. त्याची भरपाई नसते, मला पेन्शन आहे.